ब्रेल पुस्तक जूनमध्येच हाती पडायचं असेल तर

शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि डोळस मुलाला पहिल्या आठवड्यातच बालभारतीचा संच मिळतो. त्याच बाकावर बसणाऱ्या अंध मुलाचा ब्रेल संच पुष्कळदा दिवाळी उलटल्यावर येतो. कधी अर्धाच येतो, तर कधी बदललेल्या अभ्यासक्रमाच्या आधीचा. तोवर ते मूल ऐकून ऐकून पाठ करतं. हुशार मूल चौथी-पाचवीपर्यंत असं निभावून नेतं आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे लिहायची वेळ आली की उमगतं, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक त्याच्या बोटाखालून कधी गेलेलाच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत मिळाली पाहिजेत. म्हणजे हे पुस्तक त्या मुलाच्या हक्काचं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये जे विशेष शिक्षक, वाचनालयं किंवा मंडळं हे काम हाती घेऊ पाहतात, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. देणगीदाराला यंत्र द्यायला आवडतं. एम्बॉसर, म्हणजे कागदावर ब्रेलची टिंबं उठवणारं छपाईयंत्र, येतो, हार-नारळ होतो आणि पुढे तो कापडाखाली झाकून राहतो, कारण त्यात घालायला शुद्ध फाइल नसते. एका पुस्तकाच्या चार-पाच प्रती काढायला एम्बॉसरला फार तर दोन दिवस लागतात. त्याआधीचे दोन-तीन महिने फाइल तयार करण्यात जातात. पैसे थोडे असतील तर ते फाइल करणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांवर खर्च करा. छपाई बाहेरूनही करून घेता येते. देहरादूनच्या राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेत 1951 पासून ब्रेल छापखाना आहे, शिवाय महाराष्ट्रातही ब्रेल छपाई करणाऱ्या संस्था आहेत. स्वच्छ फाइल असेल तर तिच्यातूनच ब्रेल, मोठ्या अक्षरांचं पुस्तक आणि संगणकाने वाचून दाखवायचा मजकूर, अशी तिन्ही रूपं निघतात.

टायपिंगला बसण्याआधी ते पुस्तक कुठे तयार आहे का ते पाहा. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहात बऱ्याच भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत. मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवून सदस्यत्व घ्या. तिथे पाठ्यपुस्तक सापडलं तर आवृत्तीचं वर्ष जरूर जुळवा. धड्यांची नावं तीच असली तरी स्वाध्याय बदललेले असतात.

परवानगीचा प्रश्न हमखास निघतो. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. छापील रूपात पुस्तक वाचू न शकणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी ना-नफा संस्थेला त्याची वाचता येईल अशी प्रत करता येते. अट अशी की ती प्रत फक्त दिव्यांग व्यक्तींनाच द्यायची आणि बाजारात जाऊ द्यायची नाही. फाइल सरसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कोणाला दिली याची वही ठेवा.

फाइलचं काम

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मिळतात. त्यातला मजकूर निवडून वर्डमध्ये चिकटवून पाहा. सरळ मराठी उमटली तर तुमचे काही आठवडे वाचले. जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकांत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटते. त्या फाँटचा कन्व्हर्टर मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर पानांची 300 डीपीआयची चित्रं करून ओसीआर, म्हणजे संगणकाकडून चित्रातली अक्षरं ओळखून घेणं, करावं लागतं. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, गूगल ड्राइव्हचं ओसीआरही चालतं.

ओसीआरच्या चुका ठरलेल्या असतात. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते. ‘ख’चा ‘रव’ होतो. रफार आणि अनुस्वार गळतात. ‘भाऊ’चा ‘माऊ’ झाला तरी स्पेलचेक गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. म्हणून पहिल्या दहा पानांतल्या चुकांची यादी करा, तिच्या आधारे शोधा-आणि-बदला चालवा आणि मग माणसाने ओळन् ओळ वाचा. पहिली ते तिसरीच्या पुस्तकांना ओसीआर करूच नका. तिथे मजकूर थोडा आणि चित्रांत विखुरलेला असतो. चांगला टायपिस्ट ते पुस्तक दोन-तीन दिवसांत युनिकोडमध्ये टाइप करतो, दुरुस्तीला त्याहून जास्त वेळ जातो.

पुढची पायरी ब्रेलमध्ये रूपांतर करण्याची. लिबलुईस हे मोफत रूपांतर-सॉफ्टवेअर आहे आणि त्यात मराठीचा तक्ता आहे. डक्सबरी हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. कुठलंही वापरलं तरी ब्रेल न शिकता त्याच्या भरवशावर राहू नका. आपली भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी, सहा टिंबांचीच आहे (या सहा टिंबांच्या चौकटीला सेल म्हणतात; डावीकडची टिंबं वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडची 4, 5, 6), पण तिचे काही नियम डोळस माणसाला चकवतात. सुटा स्वर आणि त्याचं चिन्ह यांना ब्रेलमध्ये एकच खूण असते, काना-मात्रा वेगळ्या नसतात. त्यामुळे ‘मऊ’ लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये ‘अ’ घालावाच लागतो, नाहीतर ते ‘मू’ वाचलं जातं. ‘नऊ’चंही तेच. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण, म्हणजे टिंब 4, अक्षराच्या आधी येते. तापीकाठचं ‘प्रकाशा’ घ्या. छापील पानावर तीन अक्षरं दिसतात. ब्रेलमध्ये टिंब 4, प, र, क, आ, श, आ अशा सात खुणा होतात. छापील एका पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पानं का होतात, ते यावरून लक्षात येईल.

अंकांची भानगड वेगळी. अंकाआधी 3-4-5-6 ही खूण लागते आणि मराठीत ‘ण’चीही खूण तीच आहे. ती गळाली तर 12 हा आकडा ‘अब’ वाचला जातो. गणिताला आपल्याकडे बव्हंशी नेमेथ पद्धत वापरतात. तिच्यात अंक सेलच्या खालच्या भागात उतरतात. मुलाला कोणती पद्धत शिकवली आहे हे त्याच्या शिक्षकांना विचारल्याशिवाय गणिताच्या पुस्तकाला हात लावू नका.

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मुद्दाम तपासा. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आपल्या पुस्तकांत पानोपानी आहे. फाइलमध्ये साधा र पडला तर वाचणाऱ्याला ‘शेतकर्यांना’ असा उच्चार मिळतो. ‘बॅट’, ‘ऑफिस’मधली चंद्राची चिन्हंही तपासा. लिबलुईसला एखादं अक्षर तक्त्यात सापडलं नाही की त्याच्या जागी त्या अक्षराचा सांकेतिक क्रमांक ब्रेलमध्ये छापून येतो. बोटाखाली असा खुणांचा निरर्थक पुंजका आला की मूल आपल्यालाच येत नाही असं समजून थांबतं. हे फार वाईट. सगळ्या पुस्तकातून अशा जागा छपाईआधी शोधून काढता येतात, काढाच.

मांडणीत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे छापील पुस्तकाचा पान क्रमांक. सर वर्गात म्हणणार, ‘पान 34 काढा.’ ब्रेलमध्ये ते 91 वर असेल. म्हणून ब्रेल पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात छापील क्रमांक आणि खाली ब्रेलचा क्रमांक, असे दोन्ही द्या. छापील पान जिथे संपतं तिथे आडवी टिंबांची रेघ टाका. अकरा इंच रुंदीच्या कागदावर ओळीत 40 च्या आसपास सेल बसतात. बांधणीसाठी डावीकडचे चार सोडा. चौकटीतला मजकूर, ‘माहीत आहे का?’ वगैरे, धड्याच्या मधोमध येऊ देऊ नका, परिच्छेद संपल्यावर घ्या. जोड्या लावा हा प्रश्न दोन रकान्यांत न देता आधी ‘अ’ गट सगळा, मग ‘ब’ गट सगळा असा द्या. पहिली-दुसरीला ओळींमध्ये एक ओळ रिकामी सोडा, कोवळं बोट खालच्या ओळीवर घसरतं.

तपासणी दोघांनी करायची. एक जण बोटाने ब्रेल मोठ्याने वाचणार, दुसरा छापील पुस्तकावर नजर ठेवणार. बोटाने वाचणारी व्यक्ती अंधच असावी. डोळ्याने ब्रेल वाचणारा माणूस अर्धवट उठलेलं टिंबही ओळखून पुढे जातो, बोटाला ते लागतच नाही. अंध शाळांतून दहावी-बारावी झालेली किती तरी मुलं-मुली आपल्याकडे कामाच्या शोधात आहेत. हे काम त्यांचं आहे आणि त्याचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. कोणी हे सेवा म्हणून फुकट मागू नये.

चित्रं आणि नकाशे

‘चित्र पाहा व सांगा’ असा प्रश्न ब्रेलमध्ये जसाच्या तसा उतरवणं म्हणजे मुलाची फसवणूक आहे. पाचवीच्या आत शक्यतो चित्राऐवजी वस्तू द्या. कापसाचं बोंड, केळीची फणी, दादर ज्वारीचं कणीस, भुईमुगाचा वेल शेंगांसकट, भरिताचं वांगं, सगळं आपल्या शिवारात आहे. फूल शिकवायला जास्वंद घ्या, पुंकेसर-स्त्रीकेसर बोटाला स्पष्ट लागतात. पुस्तकाच्या पानावर फक्त लिहा, ‘वस्तू क्रमांक 3 हातात घे’, आणि पिशवीतल्या वस्तूला ब्रेल चिठ्ठी बांधा.

नकाशा मात्र करावाच लागतो. डोळ्यांना एका नकाशात नद्या, डोंगर, जिल्हे, रेल्वे सगळं दिसतं. बोटाला ते सगळं एकदम कळत नाही. एका कागदावर चारहून अधिक पोत नकोत. खान्देशाचा नकाशा करायचा तर तो दोन पानांत करा. पहिल्या पानावर डोंगर-नद्या: सातपुड्याला खरखरीत पॉलिश पेपर, तापीला जाड सुतळी, गिरणा-पांझरेला बारीक दोरा. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते हे कळावं म्हणून सुतळी पूर्वेला चांगदेवकडे एकपदरी आणि पश्चिमेला प्रकाशाकडे दुपदरी ठेवा. दुसऱ्या पानावर जिल्ह्यांच्या हद्दी आणि गावं. दोन खुणांमध्ये निदान 3 मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर त्या एकच वाटतात. नदी आणि हद्द जिथे एकमेकींना छेदतात तिथे हद्दीची रेघ थोडी तोडा. गावांची पूर्ण नावं बसत नाहीत, म्हणून ‘जळ’, ‘धु’, ‘नं’ अशी दोन-तीन खुणांची लघुरूपं वापरा आणि त्यांचा खुलासा वेगळ्या पानावर द्या. वरचा उजवा कोपरा तिरका कापा, म्हणजे नकाशा सुलटा धरला की नाही ते मुलाला लगेच कळतं.

गावांसाठी डाळ किंवा मूग चिकटवणारे बरेच असतात. पावसाळ्यात त्याला किडे लागतात, उंदीर येतात. मणी वापरा. टिकल्यांचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात सुटतो, त्यांखाली फेव्हिकॉल लावा. रेघा उठवायला शिंप्याचं दातेरी चाक उत्तम. कागदाखाली जुनी रबरी मॅट घ्यायची आणि कागदाच्या मागच्या बाजूने चाक फिरवायचं. उठाव पलीकडे येतो, म्हणून आकृती आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते. हे विसरलात तर सातपुडा उत्तरेलाच राहील पण तापी पूर्वेकडे वाहू लागेल.

जास्त प्रती हव्या असतील तर थर्मोफॉर्म यंत्राने प्लास्टिकच्या पातळ पानावर मूळ प्रतीची नक्कल काढता येते. त्यात प्लास्टिक तापवून हवा ओढून घेतात. मूळ प्रतीला सुईने बारीक भोकं पाडली नाहीत तर हवा अडकते आणि बारीक रेघा उमटत नाहीत. थर्माकोल किंवा प्लास्टिकचे मणी मूळ प्रतीवर असतील तर ते वितळतात. तिथे पुठ्ठा, तार आणि सुतळीच हवी. फुगणाऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेली आकृती उष्णता देऊन उठवतात, तो प्रकार सर्वांत सोपा पण महाग आहे.

नकाशा झाला की खुलासा न करता एखाद्या अंध वाचकाच्या हातात द्या आणि ‘काय काय सापडतंय?’ एवढंच विचारा. त्याला जे सापडत नाही ते तुमच्या नकाशात नाही असंच धरा.

कागद, यंत्र आणि आपलं ऊन

ब्रेलला 140 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा कागद लागतो. झेरॉक्सच्या 70-75 जीएसएम कागदावर टिंब उठतं, पण दोन वाचनांत बसतं. सरावासाठी जुन्या कॅलेंडरचा जाड कागद चालतो, पुस्तकासाठी नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कागद कडक होतो आणि टिंबाचं टोक फुटतं. फुटलेलं टिंब बोटाला टोचतं. कागदाचे गठ्ठे पत्र्याच्या खोलीत न ठेवता आतल्या खोलीत झाकून ठेवा, जमल्यास छपाई मार्चमध्ये किंवा पहाटे उरका. श्रावणात उलट त्रास. अक्कलकुवा-धडगावकडच्या दमट हवेत कागद मऊ पडतो, म्हणून पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करूनच वर पाठवावीत.

छपाई सुरू करण्याआधी एक पान भरून ‘ढ’ छापा. ढ म्हणजे सहाही टिंबं. कुठली पिन मारत नसेल तर ती त्या पानावर लगेच हाताला लागते. हे केलं नाही तर दोनशे पानं झाल्यावर कळतं की टिंब 6 कुठेच उठलेलं नाही. वीज जाते-येते तिथे यंत्र यूपीएसवर ठेवा, अर्ध्यावर बंद पडलेलं पान कागदासकट फुकट जातं.

शंभर छापील पानांचं पुस्तक दोन्ही बाजूंनी छापलं तर ब्रेलचे साधारण 140 ताव होतात. त्याचे दोन-तीन खंड करा. साठ-सत्तर तावांच्या वर खंड जाड झाला की लहान मुलाला तो मांडीवर पेलत नाही आणि मधली टिंबं दबतात. बांधणी स्पायरलची, म्हणजे पुस्तक पूर्ण उघडून सपाट राहतं. ठेवताना उभं ठेवा. आडव्या थप्पीत खालची पुस्तकं सपाट होऊन जातात.

खंड विषयानुसार एकामागून एक पूर्ण करत बसू नका. आधी सगळ्या विषयांचे पहिले खंड, पहिल्या घटक चाचणीपुरते. ते जूनमध्ये पोहोचले पाहिजेत. दुसरे खंड गणपतीपर्यंत गेले तरी मुलाचं काही अडत नाही.

एका तालुक्यात एकच मूल असेल तर एम्बॉसरची वाट पाहण्याचं कारण नाही. पर्किन्स ब्रेलर या सहा कळांच्या टाइपरायटरवर एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. वेल्लूरजवळ काटपाडीच्या वर्थ ट्रस्टमध्ये हे यंत्र जुळवलं जातं. तेही नसेल तर ब्रेलची पाटी आणि स्टायलस, म्हणजे टिंबं टोचायची टोचणी. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलट्या खुणांनी टोचायचं. ल म्हणजे डावीकडची तिन्ही टिंबं आणि ळ म्हणजे उजवीकडची, त्यामुळे नवशिक्याच्या हातून ‘केळी’ची ‘केली’ होते. पहिला महिना प्रत्येक पान अंध वाचकाकडून तपासून घ्या.

अंध म्हणून नाव लागलेल्या बऱ्याच मुलांना थोडं दिसतं. त्यांना ब्रेल द्यायचं की मोठी अक्षरं, हे नेत्रतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून ठरवावं. मोठी अक्षरं म्हणजे ए-3 झेरॉक्स नव्हे. झेरॉक्समध्ये चित्रावर छापलेला मजकूर आणखी काळवंडतो. त्याच फाइलमधून 20 ते 24 पॉइंटचा ठळक, साधा फाँट, दीडपट ओळ-अंतर आणि चमक नसलेला कागद वापरून नवं पान काढा. अनुस्वार आणि वेलांट्या शिरोरेषेला चिकटत नाहीत ना, ते पाहा.

ध्वनिमुद्रण आठवीच्या पुढच्या इतिहास-भूगोलाला चांगलं. मोनो, 64 केबीपीएसची एमपी-3 फाइल तासाला 30 एमबीच्या आत बसते. दर धड्याची वेगळी फाइल करा आणि पान बदललं की पान क्रमांक बोला. मोबाइलवर टॉकबॅक किंवा संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असेल तर तीच मजकुराची फाइल मुलं स्वतः ऐकू शकतात. लहान वर्गांत मात्र ध्वनीने ब्रेलची जागा घेऊ नये. एक अपवाद सांगण्याजोगा आहे. धडगावचं पावरी बोलणारं किंवा शिंदखेड्याकडचं अहिराणी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठीच त्याला नवी असते. त्याच्या बोलीत धड्याची पाच मिनिटांची ओळख ऐकवली तर बोटाखालचा शब्द त्याला लवकर उलगडतो. सरावाचे पहिले शब्दही त्याच्या घरातले घ्या. अहिराणी देवनागरीत लिहिता येते, म्हणजे ती भारती ब्रेलमध्येही लिहिता येते.

आता पुस्तक पोहोचवणं. अंधांसाठीच्या साहित्याचं 7 किलोपर्यंतचं पाकीट जमिनीमार्गे टपालाने मोफत जातं. बऱ्याच पोस्टांत हे काम नेहमीचं नसतं, म्हणून चालू नियमाचा कागद सोबत न्या. पाकीट तपासता येईल असं बांधा आणि वर उजव्या कोपऱ्यात ‘अंधांसाठी साहित्य’ असं ठळक लिहून खाली पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्या. या कागदाचे पाचशे-साडेपाचशे ताव 7 किलोच्या आत बसतात, म्हणजे सगळ्या विषयांचे पहिले खंड एका पाकिटात जातात. पत्ता शाळेचा घाला आणि विशेष शिक्षकाला फोन करून कळवा. जूनच्या गर्दीत मुख्याध्यापकांच्या कपाटात पडून राहिलेलं पाकीट ऑगस्टमध्ये सापडल्याची उदाहरणं आहेत.

एप्रिलमध्ये पुस्तकं परत मागवा. दबलेली पानं वेगळी काढून तेवढीच पुन्हा छापा, बाकीचा खंड पुढच्या मुलाला जातो. मुलाने किंवा शिक्षकाने सांगितलेल्या चुका मूळ फाइलमध्ये त्याच आठवड्यात दुरुस्त करा. फाइलच्या नावात इयत्ता, विषय, छापील आवृत्तीचं वर्ष आणि दुरुस्तीची तारीख घाला. एक प्रत संस्थेच्या संगणकावर राहू द्या, एक दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याकडे ठेवा.